दोन जातींची एक वाईन : अकलूजची ‘सेत्ते’ आणि लाल ब्लेंडसाठी बाग उभी करण्याची पद्धत

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका म्हटला की नीरेचे पाणी आणि ऊस डोळ्यांसमोर येतो. त्याच तालुक्यात अकलूजजवळ मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव अशा तीन ठिकाणी मिळून सुमारे २४० एकरांवर वाईनची द्राक्षे उभी आहेत आणि तेथूनच ‘फ्रतेली’ या कंपनीची ‘सेत्ते’ ही लाल वाईन येते. इटालियन भाषेत फ्रतेली म्हणजे भाऊ आणि सेत्ते म्हणजे सात. अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी, इटलीचे आलेस्सिओ व आंद्रेआ सेच्ची अशा भावांच्या तीन जोड्या आणि सातवे इटलीच्या टस्कनी प्रांतातील वाईनतज्ज्ञ पिएरो मासी, असा त्या नावामागचा हिशेब आहे. युरोपातून रोपे आणून ही बाग उभी राहिली आणि २००९ च्या हंगामातील द्राक्षांपासून पहिली सेत्ते तयार झाली. सांजोवेसे ही टस्कनीची जात आणि कॅबरने सोव्हिन्यॉं ही मूळची फ्रान्समधील बोर्डोची जात, या दोहोंच्या मिश्रणातून ती बनते आणि फ्रेंच ओकच्या पिंपांत वर्षभराहून अधिक काळ मुरते.

या लेखात सेत्तेचे उदाहरण समोर ठेवून, दर्जेदार लाल ब्लेंड कशी घडते हे लागवडीपासून पेल्यापर्यंत टप्प्याटप्प्याने मांडले आहे. खाण्याच्या द्राक्षांचा अनुभव असलेले आणि आता वाईनच्या द्राक्षांकडे वळू पाहणारे बागायतदार, तसेच आपण पितो ती वाईन समजून घेऊ इच्छिणारे वाचक, असे दोन्ही वाचक मनात ठेवून मी लिहीत आहे. मिश्रण शेवटी टेबलावर होते, म्हणून ते टेबलावरच ठरते असे अनेकांना वाटते. माझ्या अनुभवात ते फळ छाटणीच्या वेळी, प्रत्येक वेलीवर किती घड ठेवायचे हे ठरवताना, निम्म्याहून अधिक ठरून गेलेले असते.

पहिली पायरी : दोन जाती एकत्र का, हे आधी निश्चित करावे

बोर्डोमध्ये मिश्रणाची प्रथा हवामानाच्या भीतीतून रुजली. अटलांटिकवरून येणारा पाऊस कधी मोहोरात गाठतो, तर कधी तोडणीच्या तोंडावर. मेर्लो ही जात लवकर फुलते व लवकर पिकते, कॅबरने सोव्हिन्यॉं उशिरा पिकते. त्यामुळे एकीचे वर्ष बिघडले तरी दुसरी तारून नेते. तेथे या दोघींबरोबर कॅबरने फ्रां, पेती व्हर्दो, माल्बेक यांनाही परवानगी आहे. टस्कनीची गोष्ट वेगळी आहे. तेथील कियांती वाईनमध्ये पूर्वी नियमानेच काही हिस्सा पांढऱ्या द्राक्षांचा मिसळावा लागत असे. आंतिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामापासून ‘तिन्यानेल्लो’ या नावाने सांजोवेसेवर उभी असलेली वाईन बाजारात आणली, पुढे त्यात कॅबरनेची जोड दिली आणि नियमाबाहेर असल्यामुळे साध्या टेबल वाईनचा दर्जा पत्करूनही ती जगभर गाजली. सेत्तेची कुळी याच घराशी जुळते.

सांजोवेसे आणि कॅबरने यांचे जमते, कारण एकीला जे कमी आहे ते दुसरीकडे भरपूर आहे. सांजोवेसेत आंबटपणा टवटवीत असतो, वास लाल चेरीचा आणि वाळलेल्या पाल्याचा येतो, परंतु रंग फिका राहतो आणि अंगात भरीवपणा बेताचाच असतो. कॅबरनेचा मणी लहान, साल जाड, बिया मोठ्या प्रमाणात. म्हणून तिच्यात गडद रंग, काळ्या फळांचा वास आणि वाईनला उभे धरणारा तुरटपणा येतो, मात्र एकटी असताना ती पुष्कळदा मधल्या घोटात पोकळ लागते. आपल्याकडच्या उन्हात आंबटपणा लवकर उतरतो, त्यामुळे तो राखणारी जात हाताशी असणे फार मोलाचे आहे. ज्याला शिराज आणि कॅबरने यांची जोडी करायची आहे त्यानेही हाच विचार करावा. बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्स परिसरातून येणारी ग्रोव्हरची ‘ला रेझर्व्ह’ ही त्याच जोडीची वाईन आहे. वाईट माल झाकण्यासाठी चांगला माल मिसळणे याला मी ब्लेंड म्हणणार नाही.

दुसरी पायरी : रोप आणण्याआधी करार

खाण्याचे द्राक्ष व्यापाऱ्याने नाकारले तर ते स्थानिक बाजारात जाते, बेदाण्याला जाते. वाईनच्या द्राक्षाला असा दुसरा दरवाजा नाही. मणी लहान, बिया भरपूर, साल जाड; ते बाजारात कोणी घेत नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणल्यावर नाशिक भागात वाईनच्या द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली आणि २००८ नंतरच्या मंदीत माल उचलला न गेल्याने अनेकांना उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. त्या बागा काढताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना या पायरीचे महत्त्व पुन्हा सांगावे लागत नाही. करारात जात, भाव, ब्रिक्सची (रसातील साखरेच्या मापाची) मर्यादा, तोडणीची तारीख कोण ठरवणार आणि ठरल्यापेक्षा कमी माल धरल्याची भरपाई कशी होणार, हे सर्व लेखी असावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण वजनावर भाव मिळत असेल तर कोणताही शेतकरी घड काढून टाकणार नाही. त्यासाठी एकरावर भाव ठरवणे अधिक योग्य. स्वतः वाईन तयार करावयाची असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना मिळाल्याशिवाय एक लिटरही आंबवू नये.

तिसरी पायरी : जमीन, खुंट आणि तारा

भारी काळी जमीन वाईनच्या द्राक्षाला मानवत नाही. ती पाणी धरून ठेवते, वेल माजते, पाने वाढतात आणि घडाच्या वाट्याला सावली येते. मुरमाड, निचऱ्याची, मध्यम खोलीची जमीन घ्यावी. उताराची असेल तर अधिक चांगले. माती व पाणी तपासूनच पुढे जावे, कारण चुनखडी आणि क्षार या दोन्हींचा त्रास सोलापूर, सांगलीकडे नेहमीचा आहे. एकाच शेतात मुरमाड आणि काळी अशी दोन प्रकारची जमीन असेल, तर तिचे आताच तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा. पुढे वाईन प्रत्येक तुकड्याची वेगळी ठेवायची आहे आणि ब्लेंडची खरी सामग्री तीच आहे.

आपल्याकडे खुंट म्हणून, म्हणजे ज्या मुळांवर हव्या त्या जातीचे कलम करतात तो वेल म्हणून, डॉगरिज सर्रास वापरला जातो. तो क्षार आणि पाण्याची टंचाई चांगली सोसतो, पण वेलीला फार जोर देतो. वाईनसाठी ११० आर हा खुंट मला अधिक योग्य वाटतो, कारण त्यावर वाढ आटोक्यात राहते. अंतर आठ बाय चार फूट ठेवल्यास एकरात सुमारे १,३६० वेली बसतात. मांडव किंवा वाय पद्धत खाण्याच्या द्राक्षासाठी ठीक आहे. येथे मात्र उभ्या तारांची पद्धत ठेवावी, म्हणजे ओलांड्यावरील (वेलीच्या आडव्या फांदीवरील) फुटी सरळ वर जातात, घड एका रेषेत खाली राहतात आणि त्यांना वारा लागतो. ओळी उत्तर-दक्षिण असाव्यात. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून घडांवर येते आणि तेच सर्वांत घातक असते, याचा उपयोग पुढे पाने काढताना होणार आहे.

चौथी पायरी : दोन छाटण्या आणि एक पीक

टस्कनी सुमारे ४३ अंश उत्तरेला आहे, बोर्डो जवळजवळ ४५ अंशांवर, आणि अकलूज १८ अंशांच्या आसपास. तेथे हिवाळ्यात वेल झोपते आणि छाटणी वर्षातून एकदाच होते. दख्खनमध्ये वेल कधी झोपत नाही. तिला आपणच कात्रीने थांबवतो आणि कात्रीनेच उठवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्याच्या शेवटी फळ छाटणी, असे हे चक्र आहे. युरोपातील पुस्तकांतील वेळापत्रक येथे जसेच्या तसे लावता येत नाही, ही गोष्ट परदेशातून आलेल्या प्रत्येक तज्ज्ञाला पहिल्याच वर्षी उमगते.

खरड छाटणीत ओलांड्यावर एक डोळा (जिथून नवी फूट येते तो कोंब) राखून सर्व काड्या काढतात. नवीन फुटी आल्यावर पुढचे ४० ते ६० दिवस अत्यंत महत्त्वाचे असतात, कारण त्या काळात काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होत असतात. काडीवर सरळ ऊन पडले तर डोळे फळदायी होतात, दाटीत राहिले तर वांझ फुटी निघतात. म्हणून फुटींची विरळणी वेळेवर करावी, बगलफुटी काढाव्यात, नत्र कमी करावे आणि पाणी मोजून द्यावे. बागायतदार एप्रिल-मेमध्ये बागेकडे थोडे दुर्लक्ष करतात आणि ऑक्टोबरमध्ये घड कमी का आले म्हणून हळहळतात. त्याचे कारण बहुतेक वेळा याच दिवसांत सापडते.

फळ छाटणीची तारीख हा वाईनच्या चवीचा पहिला निर्णय आहे. ऑगस्टअखेर छाटली तर फुटी आणि मोहोर पावसात सापडतात व डावणी हा बुरशीचा रोग बाग धुऊन नेतो. ऑक्टोबरच्या अखेरीस छाटली तर रोग कमी येतात, परंतु पिकण्याचा काळ मार्चच्या उन्हात जातो, साखर धावते, आंबटपणा कोसळतो आणि सालीला व बियांना पिकायला अवधीच उरत नाही. कॅबरनेला छाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण पाच महिने लागतात, तेव्हा ती सप्टेंबरमध्ये, पावसाचा अंदाज घेऊन छाटावी आणि तिची तोडणी फेब्रुवारीत येईल असे पाहावे. दोन्ही जातींच्या छाटणीत दहा-बारा दिवसांचे अंतर ठेवले तर तोडणीच्या वेळी मजूर आणि टाक्या दोन्ही पुरतात.

काडीवरील डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर त्यांवर हायड्रोजन सायनामाईड या रसायनाचे पेस्टिंग करतात, म्हणजे ते हाताने लावतात. हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि अंगभर कपडे घालूनच हे काम करावे. पेस्टिंगच्या आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस काम करणाऱ्याने कोणतेही मद्य घेऊ नये, कारण हे रसायन आणि मद्य शरीरात एकत्र आले की चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, श्वास लागणे असा गंभीर त्रास होतो. वाईनच्या बागेत तरी ही सूचना प्रत्येक मजुराला तोंडी, समोर बसवून सांगितली पाहिजे.

यानंतर माल किती धरायचा हा प्रश्न येतो आणि खाण्याच्या द्राक्षाची सवय असलेल्या माणसाला तो जिवावर येतो. एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या हातांनी तीन टनांवर थांबायचे असते. सांजोवेसे तर स्वभावतःच भरपूर माल देणारी जात आहे. तिचे घड मोठे आणि दाट असतात आणि जास्त माल धरला की रंग व चव पाण्यासारखी होते. तिच्या एका फुटीवर एकच घड ठेवावा. मण्यांत पाणी उतरून रंग भरू लागला की पुन्हा एकदा ओळीतून फिरावे आणि बाकीचे घड जांभळे होत असताना जे हिरवेच मागे राहिले आहेत ते काढून टाकावेत. माझ्या बागेत मी पहिल्यांदा हे केले तेव्हा वडील बांधावर उभे होते. जमिनीवर पडलेल्या घडांकडे ते बराच वेळ पाहत राहिले, मग खाली वाकून त्यांनी एक घड उचलला, त्यातले दोन मणी तोंडात टाकले आणि काही न बोलता घरी गेले. पुढच्या वर्षी कात्री घेऊन ते स्वतः ओळीत उतरले.

पाने काढताना पूर्वेकडील बाजूची, घडाच्या पातळीवरची पानेच काढावीत, म्हणजे सकाळचे ऊन आणि वारा मिळतो. पश्चिमेकडील पानांची सावली तशीच ठेवावी. डिसेंबर-जानेवारीच्या थंड, कोरड्या हवेत भुरी हा बुरशीचा रोग येतो आणि तिच्यासाठी गंधक वापरले जाते. मात्र तोडणीच्या किमान महिनाभर आधी गंधकाची फवारणी थांबवावी, नाहीतर गंधक मण्यावर राहते आणि टाकीत आंबताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. रंग भरल्यानंतर ठिबकचे पाणी हळूहळू कमी करावे. एकदम तोडू नये, कारण पाने गळाली तर घड उघडे पडून भाजतात.

पाचवी पायरी : तोडणीचा दिवस

तोडणीच्या अंदाजे तीन आठवडे आधीपासून दर चार दिवसांनी नमुना घ्यावा. प्रत्येक तुकड्यातून दोनशे मणी, ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्यावरचे, मधले आणि टोकाचे असे मिसळून आणावेत, हाताने चुरडून रस गाळावा आणि साखर, सामू (पीएच) व आम्लता मोजून वहीत लिहावी. लाल वाईनसाठी ब्रिक्स २३ ते २४ च्या दरम्यान असावा. त्याला ०.५५ ने गुणले की मद्याचे ढोबळ प्रमाण कळते, म्हणजे २४ ब्रिक्सला सुमारे १३.२ टक्के. सामू ३.६ च्या वर जाऊ लागला तर आणखी थांबू नये, कारण सामू चढलेली वाईन रंगाने निस्तेज होते आणि जिवाणूंना सहज बळी पडते.

एवढ्यावर मात्र भागत नाही. मणी तोंडात घ्यावा, रस गिळावा, साल दाढेखाली चावत राहावी आणि बी हातावर काढून पाहावी. कच्ची बी हिरवट असते, दाताखाली लिबलिबीत लागते आणि जीभ कोरडी ठणठणीत करते. पिकलेली बी तपकिरी असते, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कडकन फुटते आणि तिची चव खमंग लागते. एका वर्षी जानेवारीअखेर ढग आले, अवकाळीच्या भीतीने मी कॅबरनेच्या एका तुकड्याचा ब्रिक्स २४ पाहिला आणि बिया हिरव्या असूनही तोडणी केली. त्या वाईनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला, दोन वर्षे पिंपात राहूनही तो गेला नाही आणि कोणत्याही मिश्रणात दहा टक्के घातली तरी तो वर येत राहिला. शेवटी ती वाईन मी ब्लेंडमध्ये वापरलीच नाही.

तोडणी पहाटे, हेडलाइट लावून सुरू करावी आणि सूर्य वर येण्याआधी माल सावलीत पोहोचवावा. क्रेट वरपर्यंत भरू नयेत, खालचे घड दबून रस सुटतो आणि वाटेतच आंबणे सुरू होते.

सहावी पायरी : टाकीतले दहा दिवस

सांजोवेसे आणि कॅबरने यांची तोडणी वेगवेगळ्या दिवशी येते, म्हणून त्या वेगळ्याच आंबवाव्यात. त्यातही काळ्या जमिनीचा तुकडा आणि मुरमाचा तुकडा एकाच टाकीत घालू नये. देठ काढून मणी हलके फोडावेत, दर लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम गंधक डायऑक्साइड मिळेल एवढे सल्फाइट द्यावे आणि यीस्ट सोडावे. सामू जास्त असेल तर टार्टारिक आम्लाची मात्रा आत्ताच द्यावी. शेवटी दिलेले आम्ल चवीत वेगळे टोचते.

आंबण्याची उष्णता २५ ते २८ अंशांत राखावी. तीस ओलांडली की फळाचा वास उडू लागतो आणि यीस्ट मध्येच थकण्याचा धोका असतो. साली वर येऊन जाड टोपी धरतात. ती दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावी किंवा तळाचा रस काढून वरून फिरवावा. रंग आणि तुरटपणा सालींतून याच वेळी उतरतो. सांजोवेसेला थोडे हळुवार वागवावे, तिच्या बिया लवकर कडवटपणा सोडतात. कॅबरने अधिक सोसते. रोज सकाळ-संध्याकाळ ब्रिक्स आणि उष्णता यांची नोंद ठेवावी आणि जीभ हे तिसरे उपकरण मानावे.

आंबताना प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, टाकीत आणि तळघराच्या जमिनीलगत साचतो आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होऊ शकतो. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही एकट्याने उतरू नये, पंखा लावून हवा खेळती करावी आणि मोजणी केल्याशिवाय आत कोणालाही पाठवू नये.

साखर संपली की वाईन आपोआप वाहू द्यावी, चोथा दाबून निघालेली वाईन वेगळी ठेवावी. ती खरखरीत असते, तरी पुढे चमचाभर कामाला येते. एक टन द्राक्षांतून साधारण ६५० ते ७०० लिटर वाईन मिळते. त्यानंतर दुसरे आंबणे होते, त्यात जिवाणू हिरव्या सफरचंदासारख्या तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे मऊ लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. ते पूर्ण झाल्याची तपासणी झाल्यावरच पुन्हा सल्फाइट द्यावे.

सातवी पायरी : पिंप

ओकचे ठरावीक पिंप २२५ लिटरचे असते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्या. नवे पिंप व्हॅनिला, लवंग, भाजक्या लाकडाचा वास देते; तीन-चार वर्षे वापरलेले पिंप वास देत नाही, फक्त लाकडाच्या छिद्रांतून हवेचा अगदी थोडा स्पर्श घडवते आणि तुरटपणाच्या कडा घासून गुळगुळीत करते. दर्जेदार म्हणजे सर्व पिंपे नवी, हा समज मला मान्य नाही. कॅबरनेला काही नवी पिंपे देता येतात. सांजोवेसेचा चेरीचा वास मात्र नव्या ओकखाली सहज गाडला जातो, म्हणून तिला बहुतांशी जुनी पिंपे द्यावीत. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पिंपातून वाईन वेगाने उडते. तळघर १५-१६ अंशांवर आणि दमट ठेवावे आणि दर पंधरवड्याला झाकण काढून पिंप काठोकाठ भरावे, कारण वर हवा राहिली की व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही.

आठवी पायरी : मिश्रण

वर्षभरानंतर, सकाळी दहाच्या सुमारास, जेवणाआधी आणि अंगाला अत्तर न लावता, हे काम करावे. सर्व तुकड्यांचे नमुने एकाच उष्णतेवर आणावेत आणि प्रत्येकाची चव आधी स्वतंत्रपणे घेऊन लिहावी. त्यानंतर १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात मिश्रणे करावीत. प्रथम ८०-२०, ६०-४०, ४०-६० आणि २०-८० असे मोठे टप्पे घ्यावेत. त्यांतून एक दिशा कळली की दहा-दहा आणि मग पाच-पाच मिलिलिटरने पुढे जावे. पेल्यांखाली चिठ्ठी उलटी ठेवावी आणि क्रम दुसऱ्याने बदलावा, म्हणजे आपल्याला कोणते मिश्रण हवे होते याचा परिणाम जिभेवर होत नाही.

या टेबलावर जे घडते ते मला दरवर्षी नव्याने पाहावेसे वाटते. सांजोवेसेचा पेला उजेडात धरला तर काठाला विटकरी छटा दिसते. त्यात कॅबरनेचे फक्त पाच मिलिलिटर पडले की काठ जांभळट होतो आणि वास क्षणभर बंद झाल्यासारखा वाटतो. दहा झाले की चेरी परत येते, पण आता तिच्यामागे जांभळाची गर्द छाया उभी असते. तीसच्या पुढे कुठेतरी सांजोवेसेचा आवाज ऐकू येईनासा होतो. तो बिंदू प्रत्येक वर्षी वेगळा असतो, म्हणून गेल्या वर्षीचे प्रमाण समोर ठेवून बसू नये. चांगल्या मिश्रणाची माझी कसोटी साधी आहे: घोट तोंडात आला, मध्यावर पोहोचला आणि गिळला, या तिन्ही वेळी काहीतरी मिळाले पाहिजे आणि नंतर तोंडाला पाणी सुटले पाहिजे.

मद्याचा हिशेब सरळ गुणाकाराचा आहे. १३.८ टक्क्यांची वाईन ६० हिस्से आणि १३ टक्क्यांची ४० हिस्से घेतली तर मिश्रणात सुमारे १३.५ टक्के मद्य येते. सामूचा हिशेब असा सरळ लागत नाही, तो मिश्रणात प्रत्यक्ष मोजावा. आवडलेली दोन मिश्रणे बाटलीत भरून आठवडाभर ठेवावीत आणि मग पुन्हा चाखावीत. पहिल्या दिवशी झगमगणारे मिश्रण आठव्या दिवशी थकलेले आढळते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. निर्णय झाला की मोठ्या टाकीत मिश्रण करावे, त्याला काही आठवडे किंवा महिने एकजीव होऊ द्यावे आणि मगच बाटलीत भरावे. जी पिंपे मिश्रणात बसत नाहीत ती खालच्या किमतीच्या वाईनमध्ये द्यावीत. दर्जेदार ब्लेंडच्या किमतीत या बाजूला काढलेल्या पिंपांचाही वाटा असतो, हे ग्राहकाने लक्षात घ्यावे.

नववी पायरी : बाटली आणि पेला

बाटलीवरील वर्ष म्हणजे तोडणीचे वर्ष. आपल्याकडे फळ छाटणी आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, तेव्हा २०१८ लिहिले असेल तर त्या वाईनने २०१७ चा परतीचा पाऊस पाहिलेला असतो. दुकानात बाटली घेताना ती कोठे ठेवली होती हे पाहावे. काचेच्या दर्शनी कपाटात, दिव्याखाली उभी असलेली महागडी बाटली मी एकदा पाहुण्यांसाठी घेतली होती. उघडल्यावर तिला शिजलेल्या मनुकांचा वास आला आणि बूच अर्धा इंच वर सरकलेले होते. घरी बुचाची बाटली आडवी, अंधारात, शक्यतो १५ अंशांच्या आसपास ठेवावी. तशी सोय नसल्यास एप्रिल-मेमध्ये ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवणे हे स्वयंपाकघरातील फडताळापेक्षा केव्हाही बरे.

लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हे वाक्य थंड देशांतील दगडी घरांसाठी आहे. सोलापूरच्या किंवा नागपूरच्या खोलीत ती काढ्यासारखी लागेल. तिला १६ ते १८ अंशांवर आणावे, म्हणजे फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवावी. सेत्तेसारखी तुरट, तरुण वाईन पिण्याआधी तासभर काचेच्या रुंद भांड्यात ओतून ठेवल्यास मोकळी होते. पेला एक तृतीयांशच भरावा, वरची जागा वासासाठी असते.

जेवणात तिखट मर्यादेत ठेवावे. तिखटामुळे मद्य आणि तुरटपणा दोन्ही अधिक जाळतात आणि वाईनचे फळ नाहीसे होते. पण मसाला आणि तिखट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळ्या मसाल्यातले, मिरची हात राखून घातलेले सुके मटण या वाईनशी उत्तम जुळते, कारण मांसातील चरबी आणि प्रथिने तुरटपणा शोषून घेतात, आणि मसाल्यातील दगडफूल, लवंग यांची ओकच्या वासाशी ओळख पटते. शाकाहारी घरात शेंगदाण्याच्या कुटातली भरली वांगी घ्यावीत. टोमॅटोच्या रश्शाबरोबर सांजोवेसेचा आंबटपणा कामी येतो. चिंचगुळाच्या आमटीपुढे मात्र तो टिकत नाही, गोडीमुळे वाईन कडवट लागते.

बाटली संपली नाही तर बूच उलटे न करता, वाईनला लागलेलीच बाजू आत राहील असे घट्ट बसवावे आणि बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती बहुधा अधिक सुरेल लागते. तिसऱ्या दिवसापर्यंत संपवावी, आणि त्यानंतरही उरली तर मटण शिजवताना रश्शात घालावी.